कलाकारांना 'आपली माणसं' नेमकी भेटतात कुठे?

चित्रकार, लेखक, डिझायनर, एडिटर, नाटकवाले, व्यंगचित्रकार... यादी कितीही वाढवा, यातल्या बहुतेकांचा दिवस एकाच पद्धतीनं जातो. खोली, लॅपटॉप किंवा कॅनव्हास, आणि समोर अर्धवट राहिलेलं काम. ऑफिसमध्ये निदान शेजारच्या टेबलवरचा माणूस 'काय रे, आज चेहरा का पडलाय?' एवढं तरी विचारतो. फ्रीलान्स काम करणाऱ्याला ते विचारणारंही कुणी नसतं. क्लायंटला फाईल हवी असते, घरच्यांना पगाराची तारीख.

मग सल्ला मिळतो की 'आपल्यासारखी माणसं शोध, ग्रुपमध्ये राहा.' सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. असा ग्रुप म्हणजे नेमकं काय? तो चालतो कसा, त्यात कोण लागतं, त्याचा खर्च कोण करतं आणि तो मोडतो का? या प्रश्नांची उत्तरं शोधायला फार लांब जायची गरज नाही. गेल्या शंभर वर्षांत मुंबई, पुणे, औरंगाबाद इथल्या कलाकारांनी हे प्रयोग करून ठेवलेत. काही जमले, काही फसले.

सहा चित्रकार, पण ते फक्त सहाच नव्हते

१९४७ साली मुंबईत सहा जणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' सुरू केला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. आज यातल्या काहींच्या चित्रांच्या किमती कोटींमध्ये जातात, त्यामुळे ही मोठ्या लोकांची गोष्ट वाटते. पण तेव्हाचं चित्र बघा. सूझा गोव्यातल्या सालीगावचे. स्वातंत्र्य चळवळीतल्या सहभागामुळे त्यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलं होतं. पंढरपुरात जन्मलेले हुसेन सिनेमाची पोस्टर्स रंगवून पोट भरत होते. आरांनी घरकाम केलेलं होतं. गाडे विज्ञान शिकवायचे. एकाचं घराणं दुसऱ्यासारखं नाही, भाषा नाही, धर्म नाही, चित्रांची शैली तर नाहीच.

म्हणजे हे सहा जण सारखे होते म्हणून एकत्र आले नाहीत. त्यांना एकच गोष्ट समान होती. त्या काळात जी चित्रं 'चांगली' समजली जात, ती त्यांना काढायची नव्हती. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण आपण ग्रुप शोधताना नेमकं उलटं करतो. आपल्याच वयाचे, आपल्याच कॉलेजचे, आपल्याच शैलीत काम करणारे शोधतो.

या गोष्टीतला दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. या सहा जणांच्या आजूबाजूला आणखी काही माणसं होती, आणि त्यांच्याशिवाय हा ग्रुप कितपत टिकला असता याबद्दल शंका आहे. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले तीन जण यात होते. वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात आर्ट डायरेक्टर होते. त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमायचे, युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती बघायचे, एकमेकांच्या कामावर बोलायचे. रुडी व्हॉन लायडन कलासमीक्षक होते, ते वर्तमानपत्रात या पोरांबद्दल लिहायचे. आणि इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घ्यायचे. शिवाय केकू गांधी होते, ज्यांचा फ्रेमचा व्यवसाय होता. 'केमोल्ड' हे त्याचं नाव. फ्रेमच्या दुकानात या चित्रकारांची चित्रं लागायची. पुढे १९६३ साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीतच पहिल्या मजल्यावर त्यांनी 'गॅलरी केमोल्ड' सुरू केली.

आता मोजा. सोबत काम करणारे होते, शिकवणारा होता, लिहिणारा होता, विकत घेणारा होता, आणि चित्र टांगायला भिंत देणारा होता. आपण 'कम्युनिटी' म्हणतो तेव्हा त्यातले फक्त पहिले डोळ्यांपुढे असतात. दहा इलस्ट्रेटर्सचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, पण त्यात काम देणारा कुणी नसतो, कामाबद्दल लिहिणारा कुणी नसतो आणि दोन पिढ्या मोठा कुणी नसतो. मग काही महिन्यांत तिथे 'गुड मॉर्निंग' आणि क्लायंटनं पैसे बुडवल्याचे किस्से एवढंच उरतं.

भानू राजोपाध्ये या कोल्हापूरच्या मुलीची गोष्ट इथे सांगायला हवी. जे. जे.मध्ये शिकलेल्या भानू यांची चित्रं १९५३ साली या ग्रुपच्या प्रदर्शनात होती. त्या वर्तुळात चित्रं मांडणारी ती एकमेव स्त्री. त्याच काळात त्या 'ईव्ह्ज वीकली' या साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाचित्रं काढायच्या. साप्ताहिकाच्या संपादिकेनं बुटीक सुरू केलं आणि भानू यांना कपडे डिझाइन करून बघायला सांगितलं. तिथून त्या सिनेमात गेल्या. १९८३ साली 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर घेणाऱ्या भानू अथैया त्या याच. त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते चित्रकारांच्या ग्रुपमधून नाही. शेजारच्या, वेगळ्या क्षेत्रातल्या एका ओळखीनं ते दिलं.

आधी जागा, मग चळवळ

मुंबईत वॉर्डन रोडला 'भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट' होती. पन्नास-साठच्या दशकांत तिथे नाममात्र भाड्यात कलाकारांना खोल्या मिळायच्या. हुसेन, वासुदेव गायतोंडे, प्रफुल्ला डहाणूकर यांनी तिथे काम केलं. पंडित रविशंकरांची 'किन्नर' ही संगीतशाळा तिथेच होती आणि इब्राहिम अल्काझी यांची नाटकंही तिथेच व्हायची. एका खोलीत सतार, पलीकडे तालीम, वर रंगाचा वास. अशा ठिकाणी ओळख करून घ्यायला वेगळा कार्यक्रम ठेवावा लागत नाही, जिन्यातच ती होऊन जाते. आज त्या जागेवर उंच इमारत आहे.

नाटकवाल्यांसाठी अशी जागा दादरला झाली, आणि तीही एका शाळेत. तिची गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल.

१९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू वगैरे मंडळी 'रंगायन'मध्ये एकत्र आली. दहा-बारा वर्षांत मतभेद झाले, संस्था फुटली. त्यातून बाहेर पडलेल्या अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी अरुण काकडे आणि इतरांसोबत १९७१ साली 'आविष्कार' सुरू केली. प्रश्न नेहमीचाच होता, प्रयोग करायचे कुठे? मोठ्या नाट्यगृहाचं भाडं प्रायोगिक नाटकाला परवडत नाही, कारण अशा नाटकाला प्रेक्षक शंभर-दीडशे. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. तिथला हॉल संध्याकाळी रिकामा असायचा. १९७४ पासून तिथे नाटकं व्हायला लागली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होत राहिली.

हा हॉल म्हणजे काही नाट्यगृह नव्हे. शाळेचाच हॉल, वरच्या मजल्यावर, जिने चढून जायचं. प्रेक्षक अगदी नटांच्या अंगावर. पण दादर स्टेशनपासून दोन मिनिटांवर, म्हणजे पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही लाइनवरच्या माणसाला सोयीचा. (त्याच गल्लीत श्रीकृष्णचा बटाटेवडा मिळतो. चळवळीच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही, पण प्रयोगाआधी आणि नंतर माणसं उभी कुठे राहात असतील याचा अंदाज करायला हरकत नाही.) महत्त्वाचं म्हणजे 'आविष्कार'नं हा हॉल स्वतःपुरता ठेवला नाही. इतर संस्थांनाही तारखा मिळायच्या. सत्यदेव दुबे यांच्यासारखे हिंदीत काम करणारे दिग्दर्शकही तिथे प्रयोग करायचे. त्यामुळे आज नट म्हणून उभा असलेला माणूस पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या नाटकाला प्रेक्षक म्हणून बसलेला. पुढे या सगळ्याला 'छबिलदास चळवळ' असंच नाव पडलं. एखाद्या नाट्यप्रवाहाला लेखकाचं किंवा विचाराचं नाव न मिळता शाळेच्या हॉलचं नाव मिळावं, यातच काय ते आलं.

या काळातलं अरुण काकडे यांचं काम बघण्यासारखं आहे. तारखा, पैसे, परवानग्या, निरोप हे सगळं वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूस. कलाकारांच्या प्रत्येक टिकलेल्या गटामागे असा एक जण असतो आणि बऱ्याचदा त्याचं नाव पोस्टरवर सगळ्यात लहान अक्षरात असतं.

कौतुक हवं की अभिप्राय?

दोन्ही हवं. पण गल्लत झाली की घोळ होतो.

नुसतं कौतुक आज फुकट मिळतं. रील टाकली, दोनशे लाइक्स आले, पाच जणांनी आगीची इमोजी टाकली. त्यानं बरं वाटतं, खोटं कशाला बोला. पण त्यातून पुढचं काम कसं करायचं हे कळत नाही. प्रोत्साहन म्हणजे तुमच्या कामाकडून कुणीतरी ठरावीक दिवशी काहीतरी अपेक्षा करणं, असं मला वाटतं.

याचं मराठी रंगभूमीवरचं ठळक उदाहरण म्हणजे 'शांतता! कोर्ट चालू आहे'. तेंडुलकरांनी हे नाटक 'रंगायन'साठी लिहिलं, १९६७ साली ते रंगभूमीवर आलं. अरविंद देशपांडे दिग्दर्शक, सुलभा देशपांडे लीला बेणारे. शेवटी बेणारेचं जे मोठं स्वगत आहे, ते लिहून मिळावं म्हणून देशपांडे यांनी तेंडुलकरांमागे लावलेल्या तगाद्याची गोष्ट नाटकवाल्यांच्या आठवणींमध्ये नेहमी येते. आज ते स्वगत काढून हे नाटक डोळ्यांपुढे आणता येत नाही. 'छान लिहिलंयस' म्हणून देशपांडे थांबले नाहीत, 'अजून एक गोष्ट राहिली आहे' म्हणून अडून बसले. असं अडून बसायचा हक्क मिळायला मात्र आधी बरीच वर्षं एकत्र काम केलेलं असावं लागतं.

लेखकांसाठी हे काम संपादक करायचे. 'सत्यकथा' मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून बदल सुचवायचे, कथा परत पाठवायचे, पुन्हा मागवायचे. त्यातून कितीतरी लेखक घडले. आजही दिवाळी अंकाचा एखादा चांगला संपादक उन्हाळ्यातच फोन करून विषय विचारतो, आणि त्या एका फोनमुळे वर्षभर रखडलेली कथा पूर्ण होते. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकांना वर्षातून एकदा हक्काची डेडलाइन मिळत आली आहे.

पण ग्रुपमध्ये संपादक नसेल, सगळे बरोबरीचेच असतील, तर? तिथे एक पद्धत उपयोगी पडते. अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास ती बसवली. तिचे चार टप्पे आहेत. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं की कामात त्यांना काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग कलाकारानं स्वतः प्रश्न विचारायचे, उदाहरणार्थ 'दुसऱ्या प्रसंगात ती बहीण आहे हे कळतं का?' त्यानंतर बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण मत दडवलेले नाहीत. 'शेवट इतका लांब का ठेवलास?' हा प्रश्न नाही, शेरा आहे. 'शेवटी प्रेक्षकानं कुठल्या भावनेनं उठावं असं वाटतं?' हा प्रश्न. आणि सगळ्यात शेवटी मत द्यायचं, तेही परवानगी घेऊन. 'संगीताबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?' कलाकार 'नको' म्हणू शकतो.

वाचताना हे जरा शिष्टाचाराचं प्रकरण वाटेल. आपल्याकडे तर तोंडावर सांगणं म्हणजे प्रामाणिकपणा असा समज आहे, पुण्यात जरा जास्तच. पण ज्याचं काम अर्धवट आहे, त्याला मतांपेक्षा माहिती हवी असते. समोरच्याला काय दिसलं आणि काय दिसलंच नाही, एवढं कळलं तरी पुढचा खर्डा बदलतो.

दार बंद असेल तर

आतापर्यंत हे सगळं फार गोड वाटत असेल, म्हणून दुसरी बाजू.

ज्या 'सत्यकथे'नं लेखक घडवले, त्याच 'सत्यकथे'चा अंक १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सोबतच्या तरुण लेखकांनी जाहीरपणे जाळला. ठरावीक अभिरुचीचंच लेखन तिथे छापलं जातं, आमच्या जगण्याला आणि भाषेला तिथे जागा नाही, हा त्यांचा राग होता. वर्तुळाच्या आत असलेल्याला जी ऊब वाटते, ती बाहेरच्याला भिंत वाटते. हे कुठल्याही ग्रुपबद्दल खरं आहे, तुमच्या कॉलेजच्या ग्रुपबद्दलही. रविकिरण मंडळाचे कवी १९२३ पासून पुण्यात रविवारी जमून चहासोबत कविता वाचायचे. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश अशी मोठी नावं त्यात होती, पण स्त्री एकच, मनोरमाबाई रानडे. प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या पहिल्या सहामध्ये तर एकही नाही.

बाहेर राहिलेल्यांनी काय केलं? स्वतःची जागा तयार केली. पन्नाशीच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी 'शब्द' नावाचं सायक्लोस्टाइल केलेलं अनियतकालिक काढलं. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं 'असो', भालचंद्र नेमाडे यांचं 'वाचा', ढाले यांचं 'येरू' अशी रांगच लागली. अनियतकालिक म्हणजे पैसे असतील तेव्हा निघणारं. चार-सहा अंकांनंतर बंद पडणं हा त्याचा जवळपास नियमच. पण तेवढ्या अंकांत माणसं एकमेकांना सापडायची.

दलित साहित्याची गोष्ट याहून मोठी आहे. १९५८ साली दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊ साठे यांनी केलं. साठच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादमधून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' सुरू केलं. त्याच्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय होतं. तिथे शिकणाऱ्या पोरांच्या घरात लिहिण्याची परंपरा नव्हती. 'तुझं जगणं लिहिण्यासारखं आहे' हे त्यांना सांगणारं कुणीतरी आधी भेटावं लागत होतं. 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावे भरायचे आणि त्यात नव्या लेखकांना व्यासपीठ मिळायचं. प्रोत्साहन हा शब्द आपण हलक्यानं वापरतो, पण इथे त्याचा अर्थ होता लिहिण्याची परवानगी. ती दुसऱ्या कुणी दिली नाही, आपसातच दिली गेली.

प्रकाशक मिळत नसेल तर काय, याचंही एक उत्तर मुंबईत सापडलं. १९७६ साली आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चार कवींनी 'क्लिअरिंग हाउस' नावाची सहकारी पद्धतीची प्रकाशनसंस्था सुरू केली. पहिली चार पुस्तकं या चौघांचीच. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले डिझायनर, त्यामुळे पुस्तकांचं रूप त्यांनी सांभाळलं. त्यातलंच एक 'जेजुरी', ज्याला पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. हेच कोलटकर दर गुरुवारी दुपारी काळा घोड्याच्या 'वेसाइड इन'मध्ये बसायचे. कुणाला भेटायचं असेल तर तिथे जायचं. ना निमंत्रण, ना सभासद फी.

पैशांचं बोलणारी मंडळी

कलाकारांच्या गप्पांमध्ये पैशांचा विषय उशिरा येतो, आणि आला की हळू आवाजात. खरं तर ग्रुपचा सगळ्यात थेट फायदा इथेच असतो. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे किती घ्यायचे, ॲडव्हान्स किती, तिसऱ्यांदा बदल सांगितले तर वेगळे पैसे लावायचे का, हे कुठल्याही अभ्यासक्रमात नसतं. दुसरा इलस्ट्रेटरच ते सांगू शकतो. दर एकमेकांपासून लपवून ठेवले की फायदा फक्त काम देणाऱ्याचा होतो.

सिनेमा-मालिका लिहिणाऱ्यांसाठी मुंबईत अंधेरीला 'स्क्रीनरायटर्स असोसिएशन' आहे. पूर्वीचं नाव 'फिल्म रायटर्स असोसिएशन'. ही लेखकांची नोंदणीकृत कामगार संघटना आहे. सभासद झाल्यावर पटकथेची नोंदणी करता येते, कराराबद्दल सल्ला मिळतो आणि श्रेय किंवा मानधनावरून वाद झाला तर संघटनेच्या समितीकडे जाता येतं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि सिनेमात वापरलेल्या लेखन-संगीताच्या रॉयल्टीचा लेखक आणि संगीतकारांचा हक्क पक्का झाला. तो बदल एकट्यादुकट्यानं मागून मिळणारा नव्हता.

विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी या बाबतीत वेगळीच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटकं होतात. देसाईगंज-वडसा इथे नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावकरी तिथे येऊन प्रयोग बुक करतात. नट, लेखक, वादक, नेपथ्यवाले सगळे एका बाजारपेठेभोवती जमलेले. इथे कुणी 'क्रिएटिव्ह कम्युनिटी' हा शब्द वापरत नाही. पण सीझनला काम आहे, पुढच्या गावात प्रेक्षक आहे आणि शेजारच्या कंपनीत नट कमी पडला तर कोणाला फोन करायचा हे माहीत आहे. मुंबई-पुण्याबाहेर कलाकारांना वाव नाही असं कुणी म्हणालं, की मी आधी वडशाचं नाव घेते.

ग्रुपमध्ये दाखवलं आणि कल्पना चोरली तर?

ही भीती बहुतेकांना असते. थोडक्यात सांगायचं तर, भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलेल्या, काढलेल्या, ध्वनिमुद्रित केलेल्या कामाला ते तयार झाल्याक्षणी संरक्षण मिळतं. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी किंवा तारखेसह ईमेल हे पुरावा म्हणून उपयोगी. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही. 'दोन बहिणींची गोष्ट' ही कल्पना, तिची लिहिलेली पटकथा हे काम. म्हणून गप्पांमध्ये कल्पना उधळत बसण्यापेक्षा खर्डा लिहून मग दाखवणं बरं. त्यानं अभिप्रायही नेमका मिळतो.

आता प्रत्यक्ष कुठे जायचं?

कॉलेजात असाल आणि नाटकात रस असेल तर पुण्यातला 'पुरुषोत्तम करंडक' माहीतच असेल. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा भरवते. कॉलेज संपल्यावर राज्य हौशी नाट्य स्पर्धा आहे, तिच्या प्राथमिक फेऱ्या वेगवेगळ्या शहरांतल्या केंद्रांवर होतात. स्पर्धेत हरणं-जिंकणं जाऊ द्या, दोन महिने रोज संध्याकाळी दहा-पंधरा माणसं एका खोलीत येतात. पुण्यात सुदर्शन रंगमंच छोट्या प्रयोगांसाठी आहे. सिनेमावाल्यांसाठी मुंबईत १९६८ पासून 'प्रभात चित्र मंडळ' ही फिल्म सोसायटी आहे. चित्रकारांसाठी १८८८ सालची बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९१८ सालची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया आहे, त्यांच्या वार्षिक प्रदर्शनांना काम पाठवता येतं. पहिलं पुस्तक काढू पाहणाऱ्यांसाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. व्यंगचित्रकारांची 'कार्टूनिस्ट्स कंबाइन' आहे.

तालुक्याच्या गावी यातलं काहीच जवळ नसतं. तिथे सार्वजनिक वाचनालय असतं, शाळेचा हॉल असतो, आणि 'छबिलदास'ही शेवटी शाळेचाच हॉल होता. मुख्याध्यापकांना अर्ज करा, वीजबिल आणि साफसफाईचं बोलून घ्या, किल्ली कोणाकडे राहणार ते ठरवा.

स्वतः सुरू करणार असाल तर काही गोष्टी वरच्या सगळ्या उदाहरणांमधून दिसतात. वार ठरलेला हवा. रविकिरण मंडळाचा रविवार, कोलटकरांचा गुरुवार. 'सगळ्यांना जमेल तेव्हा भेटू' म्हटलं की कुणालाच जमत नाही. आकडा लहान ठेवा, चार जणही पुरेत. दर वेळी निदान एकाचं नवं काम समोर यायला हवं, नाहीतर भेटीचं रूपांतर तक्रारीच्या कट्ट्यात होतं. जाणीवपूर्वक एखादा वयानं मोठा आणि एखादा दुसऱ्या कलेतला माणूस बोलवा. चहाचे पैसे आळीपाळीनं. आणि काकडे यांच्यासारखं काम कोण करणार हे आधी ठरवा, नाहीतर ते आपोआप एकाच माणसाच्या, बहुतेकदा एकाच मुलीच्या, गळ्यात पडतं.

ऑनलाइन ग्रुपला नावं ठेवायचं कारण नाही. लहान गावातल्या, बाळंतपणानंतर घरी असलेल्या, रात्रपाळी करणाऱ्या माणसाला तोच आधार असतो. फक्त तिथेही वार, वेळ आणि नवं काम हे तीन नियम लागू करून बघा. व्हिडिओ कॉलवर दोन तास न बोलता आपापलं काम करत बसणारे ग्रुपही असतात, आणि ते चालतात.

ग्रुप फुटला तर

फुटतोच. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला. बाकरेही पाठोपाठ इंग्लंडला गेले. १९५६ पर्यंत प्रोग्रेसिव्ह ग्रुप विसर्जित झाला. म्हणजे संस्थापक सगळे एकत्र असण्याचा काळ जेमतेम दोन वर्षं. 'रंगायन' फुटली, त्यातून 'आविष्कार' निघाली. पुण्यात 'घाशीराम कोतवाल' १९७२ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलं, वादानंतर पी.डी.ए. या संस्थेनं ते थांबवलं, तेव्हा जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे वगैरे बाहेर पडले आणि १९७३ मध्ये 'थिएटर ॲकॅडमी' उभी राहिली. याच संस्थेनं पुढे १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं महाराष्ट्रभरातल्या नव्या नाटककारांसाठी आणि छोट्या शहरांतल्या नाट्यसंस्थांसाठी योजना चालवली. 'छबिलदास'चा हॉल बंद झाल्यावर 'आविष्कार'नं माहीमच्या महापालिका शाळेत जागा मिळवली आणि तिथे तालमी सुरू केल्या.